खायचं घड्याळ

आमच्या फॉर्मच्या शेवटी 'शेरा' नावाचा एक कॉलम होता. रुंदी एक इंच! मुलाच्या पुढ्यात काय आलं, किती ग्रॅम आलं, किती उरलं यासाठी चार पानं, आणि त्या घरात खरं काय घडलं यासाठी एक इंच. माझी जोडीदारीण कुसुम म्हणायची, "एवढ्यात फक्त 'मूल रडले' मावतं गं!" त्यामुळे रोज दोन-तीन गोष्टी तरी त्या इंचाबाहेर सांडायच्या. आकडे मुंबईला गेले. सांडलवण आमच्याकडे राहिलं, आणि चार मैत्रिणी जमल्या की मी तेच पाखडत बसते.

काम ऐकायला सोपं. नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागात, पारनेर-श्रीगोंद्याकडे, ऐन बहात्तरच्या दुष्काळात, पाच वर्षांखालची मुलं खरोखर किती खातात ते मोजायचं. एका घरी ओळीने तीन दिवस. चूल पेटल्यापासून दिवे लागेपर्यंत मांडी घालून बसायचं. मुलाला वाढलेलं आधी काट्यावर, उरलेलं पुन्हा काट्यावर, वजाबाकी फॉर्मवर. काट्याला वर पत्र्याची ताटली, खाली गोल तबकडी आणि तीवर फिरणारी एक सुई. गावाने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, 'खायचं घड्याळ'!

आमचे मोठे सर सरकारी दवाखान्यांत केस पांढरे करून आलेले. त्यांचा नियम एकच. "निरीक्षक म्हणजे भिंत. भिंत बोलत नाही, सुचवत नाही, भुवई उडवत नाही."

मी बी.एस्सी. होम सायन्स, वय बावीस, घरातलं टोपणनाव 'लवंगी'. मला म्हणे भिंत व्हा!

*

पहिल्या आठवड्यात नुसती चाचणी होती. एका सकाळी एका आळीतली चार घरं.

पहिल्या घरी पोरापुढे शिरा. तुपातला! सगळं गाव रेशनच्या मिलोची लाल भाकरी पोटाला बाधते म्हणून कुरकुरतंय, आणि इथे पोराच्या न्याहारीला शिरा. वजन एकशे वीस ग्रॅम. "आत्ताच पोट भरलंय त्याचं, मागून खाईल," आई म्हणाली आणि वाटी आत नेली.

दुसऱ्या घरी शिरा. एकशे वीस ग्रॅम. पोर मागून खाणार.

तिसऱ्या घरी शिरा. एकशे वीस. आता मी वाटी नीट बघितली. काठावर कोरलं होतं, 'चि. मंदास मामाकडून'. पहिल्या घरच्या वाटीवरही मंदाच होती आणि तिचा मामाही होता. मी कुसुमकडे बघितलं. कुसुम छताकडे बघत होती, कारण ती हसायला लागली की थांबत नाही.

चौथ्या घरी वाटी आली, मी काट्याकडे वळले, आणि तेवढ्यात दोन वर्षांच्या त्या पठ्ठ्याने दोन्ही हातांनी शिरा तोंडात कोंबला. वाटी चाटून मोकळा!

"आगं बया! खाल्ला की समदा!" त्याची आई किंचाळली.

मधल्या भिंतीवरून शेजारणीचं डोकं वर आलं. "खाल्ला? आन् आता पलीकडच्या आळीला काय दावायचं?"

शेऱ्यात मी लिहिलं, 'मूल रडले नाही.'

*

"माझं पोर काही खातच न्हाई" हे वाक्य मी त्या वर्षी जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा माझं नावही ऐकलं नसेल.

पांड्या तीन वर्षांचा. आई म्हणाली, "ताई, वाऱ्यावर जगतंय बघा." पोर घरात ठरत नव्हतं, म्हणून काटा काखेत मारून मी दिवसभर त्याच्या मागे. चुलतीकडे चटणी-भाकरी. शेजारी मटकीची उसळ. मारुतीच्या देवळात खोबऱ्याचा तुकडा. मामीला दुष्काळी कामावर मिळालेल्या सुकडीतली मूठभर. आत्याकडे ताकातल्या कण्या. वर दोन म्हाताऱ्यांच्या ताटातले चार-चार घास, जे काट्यावर ठेवायला म्हातारे तयार होईनात. "उष्टं हाय, मशिनीला कशाला बाटवतीस?"

दिवेलागणीला पांड्या घरी आला आणि आईने पुढे केलेली भाकरी त्याने ढकलून दिली.

"बघा ताई! सकाळधरनं पोटात कन न्हाई!"

कुसुमने बेरीज दोनदा तपासली. त्या दिवशी पांड्याने आम्हा दोघींपेक्षा जास्त खाल्लं होतं. म्हणजे आम्ही काही खाल्लंच नव्हतं, ते सोडा!

*

चावडीवर ऐंशी वर्षांचे एक तात्या बसायचे. आम्ही दिसलो की त्यांचं प्रवचन सुरू. "खाल्ल्यालं मोजू न्हाई. बरकत जाती. आमी कदी मोजून खाल्लं न्हाई, म्हनून ऐंशी गाठली."

रोज, रोज, रोज! मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं, एक वाक्य ऐंशी वर्षं पुरवतात. शेवटी मी काटा खाली ठेवला.

"तात्या, तुम्ही भावंडं किती?"

"नऊ."

"ऐंशी किती जणांनी गाठली?"

"म्या एकल्यानं."

"बाकीचे?"

"दोगं बापय झालं. सहा जनं ल्हानपनीच ग्येली."

असं उत्तर येईल याचा मी विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तात्या पणतू कडेवर घेऊन स्वतः आमच्या मुक्कामी हजर. "घे, मोज. आन् किती वाजल्यात ते मला बी सांग."

*

आता चंद्राबाई. साठीची, काटक, आवाज असा की वेशीवरचं भुंकणारं कुत्रं खाली बसावं.

मी ओट्यावर पाय ठेवला तोच प्रश्न आला. "पोरं किती तुला?"

"लग्न नाही झालं."

"मंग तुला काय कळतंय पोरांच्या खान्यातलं?"

"तुमच्या गावचा वैद्य कधी बाळंत झाला होता का, आजी?"

चंद्राबाई हसली नाही. पण पाट पुढे सरकवला.

तिचा मुलगा आणि सून हौसा दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायला. घरी दोन नातवंडं, चार वर्षांचा नामदेव आणि दोन वर्षांची बायडी. बायडीच्या दंडाला दृष्टीचा काळा दोरा होता, बोटभर दंडाला दोन वेढे घालून बांधलेला, तरी तो कोपरापर्यंत घसरायचा. ती पोरगी रडायचीसुद्धा नाही. नुसती बघत बसायची. वाढणाऱ्याच्या हाताकडे.

पहिल्या दिवसाची मोजणी झाली. संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या होत्या. चंद्राबाईने ऐटीत विचारलं, "काय लिवलंस गं? वाच की समद्यांपुढं!"

भिंतीने काय करायचं होतं? हसून वही मिटायची होती. मी वाचलं. मोठ्याने वाचलं!

"नामदेव. भाकरी दीड, शेळीचं दूध एक वाटी. बायडी. भाकरी पाव, दूध नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चंद्राबाईचा चेहरा तापला. "पोरीची जात ती! तिला कितीसं लागतंय?"

"काट्याला जात कळत नाही, आजी. त्याला फक्त पाव कळतो."

दुसऱ्या दिवशी बायडीला अर्धी भाकरी, दुधात कुस्करून. तिसऱ्या दिवशी पाऊण भाकरी आणि वर अंडं! चंद्राबाई वाढताना माझ्याकडे असं बघत होती, जणू ते अंडं तिने माझ्याच डोक्यावर फोडलंय.

*

सरांनी ते फॉर्म पुढे ओढले. चष्मा कपाळावर गेला.

"मिस लिमये, ही मुलगी तीन दिवसांत तिप्पट भूक कुठून आणते?"

"तिला पहिल्यापासूनच होती, सर."

"भिंत बोलली!"

"आजींनी वाचायला सांगितलं."

सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि चारही पानांवर तिरकी रेघ मारली. "हे घर रद्द."

"सर, आकडा बिघडला, पण पोरगी जेवली की!"

"आपण जेवू घालायला आलेलो नाही. खरं काय आहे ते शोधायला आलोय. ते नीट कळलं तर उद्या हजार मुलांच्या पानात काहीतरी पडेल."

"आणि उद्या उजाडेपर्यंत ही एक?"

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. आवाज न चढवता म्हणाले, "पुन्हा भिंत बोलली, तर भिंत दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने पुण्याला."

घरी काय होणार ते मला पाठ होतं. काका म्हणणार, "आम्ही आधीच सांगत होतो, मुलीला खेड्यापाड्यांत पाठवू नका." आणि पुढच्या रविवारी बघायला पाहुणे!

*

चौथ्या संध्याकाळी हौसाने मला रस्त्यात गाठलं. डोक्यावर पाटी, भुवयांवर खडीची पांढरी धूळ.

"ताई, तुमचं घड्याळ गेलं आन् पोरगी पावावर आली बघा."

"तुम्ही बोला ना सासूला!"

"म्या बोलले तर म्या बी पावावर येईन."

हौसाने पदराने तोंड पुसलं. "ते घड्याळ ऱ्हाऊ द्या की आमच्याकडं. ते समोर असलं की आत्याबाईंचा हात सैल सुटतोय."

आमच्याकडे चार काटे होते. त्यांतला एक ओढ्यातून जाताना जीपमधून पडला होता. तेव्हापासून त्याची सुई चिकटायची. शंभर ग्रॅम ठेवा, सुई शून्यावर. सव्वाशेच्या पुढे गेलं की एकदम टुणकन उडी मारायची. कामाला निरुपयोगी, म्हणून पेटीत पडून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काटा घेऊन मी चंद्राबाईच्या ओट्यावर.

"आजी, तुमच्या घराचं मोजमाप अपुरं राहिलंय. हे इथंच राहील. बायडीला वाढताना याच ताटलीत वाढायचं. सुई हलली की पुरे."

"आन् न्हाई हलली तर?"

"आणखी वाढायचं."

"लिवायचं कोनी?"

"लिहायचं काही नाही."

चंद्राबाईने डोळे बारीक केले. काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सायबाचा हुकूम हाय?"

"हो," मी म्हणाले. आयुष्यात इतकं सरळ तोंड करून मी कधी खोटं बोलले नव्हते!

*

कुसुम कोपरगावची, साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली आणि नियमाला पक्की. 'तोंडात जाईल ते मोजायचं' म्हणजे मोजायचंच.

एका घरात पोरगं भिंतीची माती खायचं. आई ओरडायची, पोरगं कोपऱ्यात जाऊन पुन्हा खायचं. कुसुमने काय करावं? मातीचं ढेकूळ काढलं, काट्यावर ठेवलं, पोराच्या हातात दिलं. पोराने चाखलं, उरलेलं तिने परत घेऊन मोजलं. वजाबाकी सात ग्रॅम!

आता फॉर्मवर मातीला रकाना नाही. धान्य आहे, भाजी आहे, गूळ आहे. कुसुमने बराच विचार करून सात ग्रॅम 'इतर कडधान्ये' यात टाकले.

पंधरा दिवसांनी सर ते कागद चाळत होते. "वा! या घरात डाळींचं प्रमाण थोडं का होईना, पण रोजचं दिसतंय. बाई सुज्ञ आहे."

मी कुसुमकडे बघितलं. कुसुम पुन्हा छताकडे.

शेवटी तिनेच जाऊन खरं सांगितलं. सरांनी तो आकडा खोडला आणि त्या इंचात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'भिंत खाल्ली.'

*

काष्टीच्या आठवडे बाजारातून जीप जात होती. दोन महिने झाले होते, मुक्काम हलवायची वेळ आली होती. सरांना डॉक्टरने गोड बंद केलेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत. सर म्हणाले, "जरा थांबवा. गरम जिलबीचा वास बरा येतोय. एक कडं खाऊ."

कुसुमने न बोलता काटा काढून बॉनेटवर ठेवला. एक कडं झालं. मग अर्धपाव आली. मग "ही शेवटची" आली, आणि तिच्यामागून आणखी एक शेवटची.

"काय लिहिताय तुम्ही?"

"आम्ही भिंत आहोत, सर," मी म्हणाले. "नुसतं लिहितो."

"वाचून दाखवू का मोठ्याने?" कुसुम.

सर इतके हसले की पाक त्यांच्या शर्टावर सांडला. तोही मोजायला हवा होता. आणि मग रुमालाने हात पुसत ते सहज म्हणाले, "उद्या सामान परत करायचंय. चार काटे मिळाले होते, चार मोजून घेईन."

माझ्या तोंडातली जिलबी तिथेच थांबली.

*

सकाळी सरांनी पेटी उघडली. काटे तीन.

"चौथा?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. हौसा, पाव भाकरी, 'सायबाचा हुकूम', सगळं. फक्त सुई चिकटते एवढं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी राहू दिलं.

"चला," सर म्हणाले. जीपमध्ये मी मनात पुण्याची एस.टी. किती वाजता असते ते आठवत होते.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. चंद्राबाई उंबऱ्याशी बसली होती, पुढ्यात काटा, काट्यामागे बायडी. चंद्राबाई भाकरी कुस्करून ताटलीत टाकत होती. सुई ढिम्म. तिने पळीभर आमटी ओतली. ढिम्म.

"हल की मुडद्या!"

आणखी चतकोर मोडली. सुई जागची हलेना. चंद्राबाईने आत वळून हाक मारली, "नामद्या, तुझ्यातलं दूद आन रं जरा!" नामद्याने तोंड वाकडं करत वाटी आणून दिली. दुधाची धार पडली आणि सुई टुणकन उडाली.

"वाजलं!" चंद्राबाई म्हणाली. "गीळ आता."

बायडी दोन्ही हातांनी जेवायला लागली. तिच्या दंडाचा काळा दोरा आता एकाच वेढ्याचा होता, आणि घसरत नव्हता.

सर पायरीवर उभे राहून सगळं बघत होते. बायडीचं आटोपलं तसे ते पुढे झाले. खिशातून शंभर ग्रॅमचं पितळी वजन काढलं आणि रिकाम्या ताटलीवर ठेवलं.

सुई शून्यावर.

त्यांनी बोटाने तबकडीवर टिचकी मारली. सुई शून्यावर.

सरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी ओट्यावरच्या शेळीकडे बघितलं.

"काय झालं, सायेब?" चंद्राबाईने विचारलं. "घड्याळ बराबर हाय न्हवं? तुमचा हुकूम हाय म्हनून म्या रोज दोन्ही वक्ताला लावते."

सरांनी वजन उचललं, पुसलं, खिशात टाकलं.

"बरोबर आहे, आजी. अगदी बरोबर चाललंय."

मग त्यांनी काखेतलं रजिस्टर उघडलं. 'काटे चार' यापुढे बरोबरची खूण केली. त्या पानालाही शेवटी एक इंचाचा शेरा होता. त्यात लिहिलं, 'पैकी एक कामात.' टोपण लावलं आणि माझी वाट न बघता जीपकडे चालू लागले.

मी चप्पल घालत होते, तेवढ्यात मागून पदर ओढला गेला. चंद्राबाईने जीपकडे एकदा बघून घेतलं, मग तोंड माझ्या कानाशी आणलं.

"पोरी, तुझा सायेब लई भोळा गं! त्ये घड्याळ बिगाडल्यालं हाय, ह्ये मला पयल्याच दिशी कळलं. आन् एवढा शिकला-सवरल्याला मानूस, त्याला काय बी कळंना!"